पत्ता सांगा

तुरुंगातून सुटका बहुतेक वेळा संध्याकाळी होते. कोर्टाचा कागद येतो, तो तपासतात, नोंदी होतात, मग नाव पुकारतात. 2021 च्या ऑक्टोबरात एका नटाच्या मुलामुळे सगळ्या देशाने आर्थर रोड जेलबाहेरची जामिनाच्या कागदांची पेटी टीव्हीवर पाहिली. पेटी ठरलेल्या वेळीच उघडायची. ती वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. ज्यांची चुकत नाही, ते दिवेलागणीला बाहेर पडतात.

येरवड्याच्या फाटकासमोर एखाद्या संध्याकाळी उभं राहून पाहा. काहींना न्यायला माणसं आलेली असतात. रिक्षा थांबलेली असते, बायको पदराने डोळे पुसते, लहान पोर बापाला ओळखत नाही म्हणून आजीच्या मागे सरकतं. मला सांगायचंय ते ज्याला न्यायला कोणीच आलेलं नाही त्याच्याबद्दल. तो बाहेर येतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहतो आणि तिथेच उभा राहतो. आत असताना कधी उठायचं, कधी जेवायचं, कुठल्या बराकीत झोपायचं हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. आता अंधार पडतोय आणि आज रात्री पाठ कुठे टेकायची हे त्याचं त्याला ठरवायचंय. हातात कपड्यांची पिशवी. खिशात जेलच्या खात्यावरची साठलेली मजुरी आणि सुटकेचा कागद.

सरकारी भाषेत तो आता मुक्तबंदी. चार अक्षरांच्या त्या शब्दात सुटकाही आहे आणि कैदही. पण त्याला अडवतो तो दुसराच शब्द. तो प्रत्येक अर्जावर, प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक दारात त्याला भेटणार आहे. पत्ता.

आपला कायदा आधी पत्ता विचारतो, मग माणूस.

जामीन हवा? जामीनदार आणा, आणि तो इथलाच हवा. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची गोष्ट वकिलीच्या वर्गात शिकवतात. 1978 ची. सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला, खाली मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. गवंडी आतच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर खालच्या कोर्टाला खडे बोल सुनावले आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं गेली. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की जामीन मिळूनही माणसं आत राहतात त्याचं एक कारण स्थानिक जामीनदाराची अट आहे, अशा प्रकरणांत ती घालू नका. पंचेचाळीस वर्षं तोच गवंडी तुरुंगात बसलाय असं मला वाटतं.

परिविक्षा हवी? 1958 चा गुन्हेगार परिविक्षा कायदा फार माणुसकीचा आहे. पहिल्या चुकीला तुरुंगात न टाकता माणसाला देखरेखीखाली घरी पाठवा म्हणतो. पण त्याच्या चौथ्या कलमात अट आहे: आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं राहण्याचं ठरलेलं ठिकाण तरी हवं, नाहीतर नेहमीचा कामधंदा तरी. ज्याच्याजवळ दोन्ही नाही, त्याच्यासाठी ही माणुसकी कलमाच्या आतच राहते.

संचित रजा हवी? मुंबई संचित व अभिवचन रजेचे 1959 चे नियम पाहा. रजेवर येणाऱ्या बंद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा आणि त्याने हमीपत्रावर सही करायला हवी. भावाने नाव टाकलं, बायको माहेरी गेली, आई वारली. अशा माणसाला घर बघायला रजा कोण देणार?

2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. चारातले तीन. केंद्राने 2023 मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना काढली. जामिनाच्या रकमेसाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्यांच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत. योजना चांगली आहे, तिचं मी स्वागत करतो. ती फाटक उघडायला मदत करते. फाटकाबाहेरच्या पहिल्या रात्रीचा विचार तिच्यात नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका सुटून आलेल्या माणसासाठी पुण्यात खोली शोधली. पन्नाशीचा माणूस. जेलच्या कारखान्यात सुतारकाम शिकलेला, हात इतका साफ की त्याने केलेल्या टेबलाच्या सांध्यात नख जात नाही. सात ठिकाणी गेलो. प्रश्न सगळीकडे एकच: याआधी कुठे राहत होता? एकदा खरं सांगितलं, चहासुद्धा अर्धा राहिला. एकदा गप्प राहिलो, तर अकरा महिन्यांच्या करारासाठी जुना पत्ता आणि ओळखीचे दोन जण मागितले. मुंबई-पुण्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते, न कळवल्यास मालकावर गुन्हा दाखल होतो. त्यामुळे मालक घाबरतो, आणि त्याची भीती खोटी नसते. सातवं घर एका विधवा बाईंचं होतं. त्या म्हणाल्या, ‘मला स्वतःला काही वाटत नाही हो. पण पोलीस फेऱ्या मारणार, शेजारी बोलणार. मी एकटी बाई.’ त्यांचा मला राग आला नाही. येण्यासारखा त्यांचा अपराधही नव्हता.

तो सुतार शेवटी एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये झोपायला लागला. लाकडाच्या भुशात, मशीनच्या बाजूला. मालक भला होता. पण वर्कशॉपच्या पत्त्यावर आधार बदलून मिळेना. आधारवर गावचा जुना पत्ता, रेशनकार्डावरून नाव कधीच कमी झालेलं, बँकेचं खातं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. खातं सुरू करायला आधार, आधारला पत्ता, पत्त्याला भाडेकरार, कराराला डिपॉझिट, डिपॉझिटला काम, कामाला चारित्र्य पडताळणीचा दाखला, दाखल्याला पुन्हा पत्ता. चौदा वर्षं त्याने एका गोलात चकरा मारल्या होत्या. बाहेर आल्यावर दुसरा गोल मिळाला.

‘गावाला का जात नाही?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी गाव पाहिलेलं नसतं, किंवा पाहून विसरलेलं असतं. आपल्याकडे कितीतरी खून शेताच्या बांधावरून होतात. मारणारा आणि मरणारा एकाच आडनावाचे, एकाच भावकीतले. शिक्षा संपवून हा गावी जातो तेव्हा तोच बांध, तीच विहीर, आणि पलीकडच्या ओसरीवर ज्याचा बाप गेला तो मुलगा. आता तो मुलगा पंचविशीचा झालेला असतो. सातबाऱ्यावर याचं नाव असलं तरी जमीन कसतो दुसराच. मागायला गेलं की पुन्हा भांडण. अशा माणसाला गावी परत पाठवणं हे त्याच्यासाठीही धोक्याचं आणि त्या मुलासाठीही. त्याला काही काळ तरी दुसरीकडे राहायला जागा हवी. मेलेल्याच्या घरच्यांची बाजू घेणाऱ्यांनीच ही मागणी पहिल्यांदा करायला हवी.

बायकांचं याहून वाईट. पुरुष आत असला की आई येते, बायको येते, मुलाखतीच्या रांगेत उन्हात उभी राहते. बाई आत गेली की रांगच संपते. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ आत राहू शकतं, मग त्याला बाहेर जावं लागतं. आई सुटते तेव्हा त्याचा ठावठिकाणा नातेवाइकांच्या मर्जीवर. सासरचं दार बंद, माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न जमवायचंय म्हणून ‘काही दिवस येऊ नकोस’. निदान बायकांसाठी कागदावर एक दार आहे. केंद्राच्या स्वाधार गृह योजनेत तुरुंगातून सुटलेल्या, मागे कोणी नसलेल्या स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख होता. आता ती शक्ती सदन नावाने चालते. किती बायकांना सुटकेच्या आधी कोणी हे सांगतं? फाटकावरच त्या पत्त्याची चिठ्ठी हातात पडली पाहिजे आणि सोबत एक बाई कर्मचारी पाहिजे. रात्री आठ वाजता चिठ्ठी घेऊन अनोळखी शहरात हिंडायला लावणं ही मदत होत नाही.

आता ज्यांचा पत्ता आपण कधी होऊच दिला नाही, त्यांच्याविषयी.

5 मार्च 2019. सुप्रीम कोर्टाने भटक्या समाजातल्या सहा जणांना निर्दोष सोडलं. 2003 च्या एका प्रकरणातले हे सहा जण. आधी याच कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली होती. सोळा वर्षं आत काढल्यावर कोर्ट म्हणालं, यांना गोवलं गेलं. राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असाही आदेश झाला. पाच लाख भागिले सोळा वर्षं. भागाकार करा, महिन्याला किती पडतात ते पाहा. आणि पैसे आले तरी राहायचं कुठे? पालावर जन्मलेल्या माणसाचं पाल सोळा वर्षं त्याच माळावर थांबत नाही.

1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. सरकारने यांना घर दिलं ते सोलापूरसारख्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड, हजेरी लावून. 1952 मध्ये तो कायदा गेला. सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून संशय मात्र मागे राहिला, मुंबई राज्याने 1959 मध्ये तसा कायदा केला. 3 ऑक्टोबर 2024 ला, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने तुरुंगातली जातीवरची कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना ‘सराईत’ म्हणून हाकण्याची पद्धत मोडायला सांगितली. निकाल मोठा आहे. तो मुख्यतः तुरुंगाच्या भिंतीच्या आत लागू होतो. भिंतीबाहेर पारध्याच्या पोराला खोली भाड्याने मिळवून देणारा निकाल अजून लागायचाय.

आणि महाराष्ट्राला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. आपण हे करून दाखवलंय, स्वातंत्र्याच्याही आधी.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. 1939 मध्ये औंध संस्थानाने ती खुली वसाहत उभी केली. त्यामागे होते राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचा पोलंडचा इंजिनियर मॉरिस फ्रिडमन, ज्याला लोक भारतानंद म्हणत. भिंत नाही, बेडी नाही. शिक्षा झालेली माणसं शेत करायची, आणि महत्त्वाचं म्हणजे बायकामुलांना घेऊन राहायची. पुढे त्याच भागातल्या, माडगूळच्या गदिमांनी यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा सगळ्यांना आठवतो. त्यातला जेलर आठवतो, त्याचा त्याग आठवतो. मूळ प्रयोगातली चूल कोणाला आठवत नाही. माझ्या मते सगळं मर्म त्या चुलीत होतं. खुनाच्या गुन्ह्यातला माणूस पळून का जात नाही? संध्याकाळी त्याची भाकरी तिथे थापली जाते म्हणून. पोरगं तिथल्या शाळेत जातं म्हणून. कुंपण करू शकत नाही ते काम घराने केलं.

ती वसाहत आजही तुरुंग खात्याकडे आहे. पैठणला, मोर्शीला, येरवड्याला खुली कारागृहंही आहेत. पण स्वतंत्रपूरचं घर शिक्षेच्या काळापुरतं. आत असताना घर आहे, सुटल्यावर नाही. हे उलटं कोडं ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी निम्मं काम झालं.

दुसरी एक गोष्ट आपल्याच राज्यात झाली, तिचा पुरेसा गाजावाजा झाला नाही. 1 मे 2022 ला येरवड्यात ‘जिव्हाळा’ कर्जयोजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक आतल्या बंद्याला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज देते, सात टक्के व्याजाने, तारण नाही, जामीनदार नाही. फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. पैसे घरी जातात, मुलीच्या फीला, आईच्या औषधाला, वकिलाला. एका बँकेने तुरुंगातल्या माणसावर जामीनदाराशिवाय विश्वास टाकला. मग सुटल्यावर त्याच माणसाला खोलीच्या डिपॉझिटपुरतं कर्ज का मिळू नये? आतली फेड कशी केली याची नोंद बँकेजवळच असते. ती नोंद कुठल्याही चारित्र्याच्या दाखल्यापेक्षा जास्त सांगते.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून हेच काम करतोय. त्यांचे समाजकार्यकर्ते जेलमध्ये, कोर्टात बसतात, माणूस सुटायच्या आधीपासून त्याच्याशी बोलतात, निवारा आणि काम जुळवायला धडपडतात. आज जे थोडेफार लोक सावरतात ते अशा माणसांमुळे. पण एका संस्थेच्या खांद्यावर राज्याचं काम किती दिवस ठेवायचं? मुल्ला समितीने 1983 मध्ये अहवाल दिला, त्यात सुटकेनंतरच्या मदतीचा विचार होता. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत त्यावर प्रकरण आहे. म्हणजे काय करायचं हे आपल्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

मला हवं आहे ते फार मोठं नाही. ज्या शहरात मध्यवर्ती कारागृह आहे, त्या प्रत्येक शहरात, फाटकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक वसतिगृह. येरवडा, नागपूर, नाशिक रोड, हर्सूल, अमरावती, कोल्हापूर, ठाणे, तळोजा, मुंबई. एक कॉट, एक कुलूप लागेल असं कपाट, दोन वेळचं जेवण, तीन महिने. बायकांचं वेगळं. रात्री बारालाही उघडेल असं दार. आणि त्या इमारतीचा पत्ता आधारला, रेशनला, बँकेला, जामिनाला आणि रजेला चालेल असा एक शासन निर्णय. हा शेवटचा कागद छापायला एक पैसा लागत नाही. बाकीचं बांधकाम होईल तेव्हा होईल, हा कागद उद्या निघू शकतो.

‘आणि ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांना कोण वसतिगृह देतंय?’ मला हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा मुलगा मारला गेला होता. त्यांच्यासमोर मी उत्तर देऊ शकलो नाही, नुसता बसून राहिलो. त्यांनाही मिळायला हवं, आधी मिळायला हवं, त्यासाठी मी याच सदरात पुन्हा लिहीन. त्यांना दिलं नाही म्हणून यालाही द्यायचं नाही, या हिशोबात त्यांच्या पदरात काही पडत नाही. फलाटावर झोपणाऱ्या माणसामुळे त्यांचा मुलगा परत येत नाही आणि दुसऱ्या कोणाचा मुलगा सुरक्षितही राहत नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे सगळं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा एक तरुण होता. पंपाशेजारच्या खोलीत झोपायचा. पाण्याची मोटर वेळेवर चालू करायचा, म्हाताऱ्यांचे गॅस सिलिंडर वर न्यायचा, माझ्या आईला दवाखान्यात न्यायला रात्री दीड वाजता रिक्षा त्यानेच आणली होती. एक दिवस कोणाला तरी कळलं की बाविसाव्या वर्षी त्याने चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलीय. सभा बोलावली. चर्चा वीस मिनिटं चालली. त्याने इथे काय चोरलं, असं कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. हात वर करा म्हणाले तेव्हा मी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही. चष्मा पुसत राहिलो. दोन दिवसांत खोली रिकामी झाली. जाताना त्याने मोटरच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. तो कुठे गेला, कोणी विचारलं नाही.

तीन वर्षं झाली. त्या खोलीत आता गणपतीच्या आराशीचं थर्माकोल पडलेलं आहे. भिंतीवर तो कागद अजून आहे, सकाळी सहा, दुपारी एक, रात्री नऊ, सुवाच्य अक्षरात.

येत्या रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर घेण्यासाठी मी सेक्रेटरींना लेखी विषय दिला आहे: पंपाशेजारची खोली साफ करून, सुटून आलेल्या एका माणसाला कामासह राहायला द्यावी, त्याच्या आधारकार्डाच्या अर्जाला सोसायटीने पत्त्याचं पत्र द्यावं, हमीदार म्हणून माझं नाव लिहावं. सेक्रेटरींनी पोच दिली आहे. सुताराला मी रविवारी सकाळी अकराला बोलावलंय. त्या तरुणाचा नंबर मात्र माझ्याकडे नाही. मोटरच्या वेळांच्या कागदावर त्याने खाली नुसतं नाव लिहिलं होतं.